हिशोब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे

व्यापारी घराण्यात पेढीचा हिशोब नित्यकर्माइतकाच अंगवळणी पडलेला असतो. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान वाढवले जात नाही, उधारीची वही दरमहा चाळली जाते आणि दिवाळीला नवी वही पूजेला लागण्यापूर्वी जुन्या वहीतील बाकी पुढे ओढली जाते. याच घराण्यात वडिलांनी किंवा आजोबांनी मुलाबाळांच्या हितासाठी करून ठेवलेला एखादा कौटुंबिक ट्रस्ट असेल, तर त्याची वही मात्र वर्षानुवर्षे कोणी मागत नाही. ती थोरल्याच्या कपाटात असते, आणि घरातल्या घरात हिशोब कसला, या भिडेपोटी तिथेच राहते. या भिडेची किंमत पैशांत मोजता येते. ती किती, हे पुष्कळदा प्राप्तिकर खात्याच्या नोटिशीतूनच पहिल्यांदा कळते.

अशा ट्रस्टविषयीचा गैरसमज नावापासूनच सुरू होतो. मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा, वसतिगृह यांचे ट्रस्ट सार्वजनिक असतात. महाराष्ट्रात ते १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. त्यांना हिशोब तपासून घ्यावे लागतात, विश्वस्त बदलले की कळवावे लागते, आणि विश्वस्तांना जाब विचारणारी एक सरकारी यंत्रणा असते. कुटुंबातील ठरावीक व्यक्तींच्या हितासाठी केलेला ट्रस्ट मात्र खाजगी असतो. त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख नसते. म्हणजे खाजगी ट्रस्टला नित्याचा तपासनीस कोणी असेल, तर तो लाभार्थीच. त्याने डोळे मिटले की तपासणी संपली.

सांगली जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबाची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. आजोबांनी १९९६ साली रस्त्यालगतची तीन गाळ्यांची इमारत आणि काही रक्कम ट्रस्टच्या स्वाधीन केली. स्थावर मालमत्ता असल्यामुळे दस्त रीतसर नोंदवला. विश्वस्त दोन होते : थोरले चिरंजीव, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, आणि आजोबांचे एक जुने व्यापारी स्नेही. लाभार्थी तीन : अण्णा स्वतः, पुण्याला दिलेली कन्या, म्हणजे घरातील मुलांची आत्या, आणि धाकटे चिरंजीव. धाकटे अकाली गेले. दस्तातील तरतुदीप्रमाणे त्यांचा हिस्सा त्यांच्या पत्नीकडे, धाकट्या काकूंकडे आला. तिघांचे हिस्से समान, आणि उत्पन्न दरवर्षी वाटून द्यावे, असे दस्तात स्वच्छ लिहिलेले होते.

आजोबा २००४ मध्ये गेले. त्यानंतर दर पाडव्याला अण्णा आत्याच्या आणि काकूंच्या हाती एकेक पाकीट देत. आत पन्नास हजार रुपये असत. भाडे किती आले, ठेवींवर व्याज किती मिळाले, नगरपालिकेचा कर किती भरला, यांतले काही पाकिटावर लिहिलेले नसे. दोघीही ती रक्कम भावाने दिलेली ओवाळणी समजून घेत आणि आपल्या विवरणपत्रात दाखवीत नसत. चूक येथूनच सुरू झाली होती. ज्याचे हिस्से ठरलेले आहेत अशा ट्रस्टमध्ये लाभार्थीचे करपात्र उत्पन्न म्हणजे पाकिटातील रक्कम नव्हे. ट्रस्टच्या त्या वर्षाच्या उत्पन्नातील त्याचा हिस्सा, हे त्याचे उत्पन्न. पाकीट जाड असो, बारीक असो, वा मुळीच न येवो.

पुढे पेढीला वाईट दिवस आले. माल उचलणाऱ्यांकडे रकमा अडकल्या आणि बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा अपुरी पडू लागली. अण्णांनी ट्रस्टच्या मुदत ठेवी पेढीच्या कर्जाला तारण दिल्या आणि गाळ्यांचे भाडे पेढीच्या खात्यात भरण्यास सुरुवात केली. दुसरे विश्वस्त वयाने थकलेले. पुढे केलेल्या कागदावर ते सही करीत. ट्रस्टचे विवरणपत्र भरणारे जुने सल्लागार निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर विवरणपत्रही थांबले. अण्णांच्या मनात लबाडी नव्हती. पेढी तगली तर सगळेच तगतील, असा त्यांचा हिशोब होता. पण पेढीतील अडचण वेगळी आणि ट्रस्टची रक्कम वेगळी. न्यास अधिनियमाप्रमाणे विश्वस्ताला न्यासाची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी किंवा न्यासाबाहेरच्या कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही. हेतू चांगला असला तरीही नाही. आणि सहविश्वस्ताने न पाहता सही केली, म्हणून तो सुटत नाही. चौकशी करणे हे त्याचे कर्तव्यच होते.

तीनपैकी एका गाळ्यात बँकेची शाखा भाडेकरू होती. बँक दरवर्षी भाड्यातून दहा टक्के कर कापून ट्रस्टच्या पॅनवर भरत होती. ठेवींच्या व्याजातूनही कर कापला जात होता. अशा रीतीने प्राप्तिकर खात्याकडे ट्रस्टच्या उत्पन्नाची नोंद दरवर्षी होत राहिली. विवरणपत्र तेवढे येत नव्हते. खात्याने ट्रस्टकडे विचारणा केली, ती जुन्या सल्लागारांच्या ई-मेलवर गेली आणि अनुत्तरित राहिली. अखेर २०२५ मध्ये आत्याच्या नावाने पुण्याला नोटीस आली. आर्थिक वर्ष २०२१-२२ मध्ये ट्रस्टकडून मिळावयाचे उत्पन्न आपण दाखविलेले नाही, असा तिचा आशय होता.

आत्या निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर पगारातून कर कापला गेला, पुढे निवृत्तिवेतनावर तो वेळेवर भरला. नोटीस वाचून त्यांना अपमान वाटला. कोरोनाचे कारण सांगून अण्णांनी त्या वर्षी पाकीटही दिले नव्हते. 'मला तर एक रुपयासुद्धा मिळालेला नाही, मग कर कशाचा?' हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता, आणि बहुतेक लाभार्थी हाच प्रश्न विचारतात.

कायद्याचे उत्तर असे आहे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात विश्वस्त हा लाभार्थीचा प्रातिनिधिक करदाता मानलेला आहे. लाभार्थीच्या वतीने जे उत्पन्न त्याला मिळते किंवा मिळण्याचा हक्क असतो, त्यावरचा कर त्याच्याकडून वसूल करता येतो. तोही लाभार्थीला जितका लागला असता तितकाच. पण त्याच प्रकरणातील कलम १६६ खात्याला दुसरा मार्गही खुला ठेवते. विश्वस्ताला बाजूला ठेवून थेट लाभार्थीवर कर आकारता येतो आणि त्याच्याकडून तो वसूलही करता येतो. मार्ग निवडण्याचा अधिकार खात्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये नागप्पा यांच्या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले. हिस्सा ठरलेला असला की त्या उत्पन्नावर लाभार्थीचा हक्क ते ट्रस्टच्या हाती येताच निर्माण होतो. विश्वस्ताने ते पुढे दिले नाही, ही त्या दोघांमधील बाब झाली. खात्याशी तिचा संबंध नाही.

आकड्यांत पाहिले म्हणजे गोष्ट अधिक स्पष्ट होते. तीन गाळ्यांचे वर्षाचे भाडे ९,००,००० रुपये होते. त्यातून नगरपालिकेचा भरलेला कर ६०,००० रुपये वजा जाता उरले ८,४०,०००. त्यावर कायद्याने मिळणारी तीस टक्क्यांची वजावट २,५२,००० रुपये; म्हणजे घरभाड्याचे करपात्र उत्पन्न ५,८८,०००. ठेवींचे व्याज ३,१२,०००. ट्रस्टचे एकूण उत्पन्न ९,००,००० आणि प्रत्येकाचा हिस्सा ३,००,००० रुपये. आत्यांचे स्वतःचे करपात्र उत्पन्न ६,२०,००० रुपये असल्याने हा सगळा हिस्सा वीस टक्क्यांच्या टप्प्यात गेला. कर ६०,००० आणि चार टक्के उपकर २,४००, असे एकूण ६२,४०० रुपये. बँकेच्या गाळ्याचे भाडे ५,४०,००० रुपये होते; त्यावर कापलेला कर ५४,००० आणि व्याजावर कापलेला ३१,२०० मिळून ८५,२०० रुपये ट्रस्टच्या पॅनवर जमा होते. त्यातील आत्यांचा तिसरा हिस्सा २८,४००. तो मिळाला तर भरावयाचे ३४,००० रुपये आणि वरचे व्याज. न मिळाला तर सगळेच्या सगळे. आणि तो मिळण्यासाठी, हे उत्पन्न लाभार्थींचे असून कापलेल्या कराचे श्रेय त्यांना द्यावे, असे निवेदन कर कापणाऱ्याकडे ट्रस्टनेच करावे लागते. म्हणजे ज्या अण्णांनी हिशोब दिला नाही, त्यांच्याच सहीवाचून आत्यांचे २८,४०० रुपये अडलेले होते.

धाकट्या काकूंचे नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. त्यांना नोटीस आली नाही, म्हणून त्या निश्चिंत होत्या. शिवणकामातून त्यांना वर्षाला लाखभर रुपये मिळत. ट्रस्टचा हिस्सा धरूनही त्यांचे उत्पन्न पाच लाखांच्या आत राहत होते आणि त्या वर्षीच्या सवलतीप्रमाणे त्यांना कर शून्य होता. त्यांच्या वाट्याचे २८,४०० रुपये त्यांना परत मिळावयास हवे होते, आणि तेही दरवर्षी. ज्या वर्षांचे विवरणपत्र वेळेत गेले नाही, त्या वर्षांचा परतावा तसाच पडून राहिला. परतावा मागण्यास उशीर झाला असेल तर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत प्राप्तिकर आयुक्तांकडे विलंबमाफीचा अर्ज करता येतो. त्यापलीकडची रक्कम गेलीच म्हणावयाची. वैधव्यात मुलाला शिकवताना दर महिन्याच्या शेवटी ज्या घरात नाणी मोजली जात होती, त्या घराचे हे पैसे होते.

आत्यांनी प्रथम दस्त मिळवला. अण्णांकडे मागण्याचे धैर्य होईना, म्हणून त्यांनी काकूंच्या मुलाला दुय्यम निबंधक कार्यालयात पाठविले. स्थावर मालमत्तेच्या नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत शुल्क भरून मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रत हाती आली, हिस्से वाचले, आणि मगच त्या गावी गेल्या.

पेढीवर अण्णा एकटेच होते. आत्यांनी नोटीस त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग म्हणाले, 'घरातल्या घरात हे असले कागद कशाला आणलेस? तुझा कर मी भरतो. विषय मिटला.'

'अण्णा, तुम्ही भराल, हे मला ठाऊक आहे,' आत्या म्हणाल्या. 'पण मला पैसे नकोत, हिशोब हवा आहे. खात्यापुढे उत्पन्न सांगायचे तर आकडा लागतो. तो माझ्याकडे नाही, आणि वहिनींकडेही नाही. बाबांनी लिहून ठेवले आहे तेवढे दाखवा.'

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी ठेवींच्या तारणाची गोष्ट सांगितली. ती आत्यांना माहीत नव्हती.

जैन आचारग्रंथांत न्यासापहाराची गणना सत्याणुव्रताच्या अतिचारांत केलेली आहे. वास्तविक तो चोरीचा दोष वाटावा. पण पूर्वाचार्यांनी त्याचे जे स्पष्टीकरण दिले आहे, ते पाहिले की कारण कळते. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरतो, आहे त्याहून कमी मागतो, आणि ठेव सांभाळणारा 'बरोबर, एवढीच होती' असे म्हणून तेवढीच परत करतो. येथे हिसकावून काहीच घेतलेले नाही. दुसऱ्याच्या विस्मरणाला फक्त होकार दिलेला आहे. पाडव्याचे पाकीट हा असाच होकार होता. देणाऱ्याने आकडा सांगितला नाही, घेणाऱ्यांनी विचारला नाही. विस्मरण दोन्ही बाजूंनी जपले गेले, आणि त्याचे व्याज शेवटी खात्याने लावले.

दस्तात हिस्से ठरवून दिलेले नसते आणि कोणाला किती द्यावे हे विश्वस्तांच्या विवेकावर सोपविलेले असते, तर चित्र पालटले असते. अशा ट्रस्टच्या उत्पन्नावर सामान्यतः कमाल सीमांत दराने कर लागतो. करमुक्त मर्यादा नाही, टप्पे नाहीत, व्यक्तीला मिळणारी सवलत नाही. ९,००,००० रुपयांवर तीस टक्क्यांनी २,७०,००० आणि उपकर १०,८००, असे २,८०,८०० रुपये. अधिभाराचा विचार त्याखेरीज. याउलट हिस्से ठरलेले असतील तर आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत, बारा लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे, आत्यांच्या ९,२०,००० रुपयांवर कर शून्य आणि काकूंचाही शून्य. मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट किंवा ज्याच्या एकाही लाभार्थीला अन्य करपात्र उत्पन्न नाही व जो दुसऱ्या ट्रस्टचा लाभार्थी नाही, अशा काही ट्रस्टना या चढ्या दरातून वगळलेले आहे. पण ते अपवादच.

अशा विवेकाधीन ट्रस्टमध्ये लाभार्थीला एक संरक्षण मात्र आहे. गोंडलचे महाराज विक्रमसिंहजी यांनी अमेरिका व इंग्लंडमध्ये केलेल्या ट्रस्टविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तेथील विवेकाधीन ट्रस्टचे उत्पन्न विश्वस्तांनी राखून ठेवले, लाभार्थींना वाटलेच नाही, तर ते लाभार्थीच्या उत्पन्नात धरता येणार नाही, असा निकाल २०१४ मध्ये लागला. कारण उघड आहे. वाटप होईपर्यंत अशा लाभार्थीला केवळ आशा असते. ठरावीक रकमेवर हक्क नसतो. वाटप झाले की मात्र खाते विश्वस्ताकडे किंवा लाभार्थीकडे, कोठेही जाऊ शकते. म्हणून 'न मिळालेल्या पैशावर कर का?' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरासाठी एकच नसते. ते दस्तातील दोन ओळींवर अवलंबून असते, आणि त्या दोन ओळी लाभार्थीने स्वतः वाचलेल्या असल्या पाहिजेत.

व्यापारी कुटुंबांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ट्रस्टच्या नावाने धंदा केला आणि त्यातून नफा झाला, तर हिस्से ठरलेले असूनही ट्रस्टच्या एकूण उत्पन्नावर कमाल सीमांत दर लागतो. नातेवाइकांच्या निर्वाहासाठी मृत्युपत्राने केलेल्या एकमेव ट्रस्टचा अपवाद तेवढा आहे. गाळे भाड्याने देणे वेगळे आणि त्या गाळ्यात ट्रस्टच्या नावाने कापड विकणे वेगळे. दुसरी गोष्ट तोंडी ट्रस्टची. आजोबांनी बैठकीत सांगितले आणि सर्वांनी मान डोलावली, एवढ्यावर चालणाऱ्या व्यवस्थेलाही हाच चढा दर लागतो. घरातील ज्येष्ठांच्या शब्दाची थोरवी घरात राहील, पण कर वाचवावयाचा तर तो शब्द दस्तात उतरावा लागेल.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर, ही भीती मात्र बाळगू नये. विश्वस्ताकडे एकदा कर आकारला असेल तर तेच उत्पन्न पुन्हा लाभार्थीकडे धरता येत नाही, आणि उलटही नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २६ डिसेंबर १९७४ च्या परिपत्रक क्रमांक १५७ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना हे स्पष्ट बजावले आहे. पण हे संरक्षण मिळवण्यासाठीही विश्वस्ताने कर भरल्याचा पुरावा, म्हणजे पुन्हा कागदच, हाताशी हवा.

गैरव्यवहारात गेलेल्या रकमेचे काय, हा यानंतरचा प्रश्न. विश्वस्ताने भाडे दुसरीकडे वळवले, म्हणून घरभाड्याच्या उत्पन्नातून ती रक्कम वजा मिळत नाही. कायद्याने दिलेल्या वजावटी ठरलेल्या आहेत आणि नातलगाने बुडवलेला पैसा त्यांत बसत नाही. जे भाडे मागील वर्षी करपात्र धरले गेले, ते पुढे विश्वस्ताकडून वसूल झाले तर त्यावर पुन्हा कर नाही; विलंबाबद्दल त्याने व्याज दिले, तर ते व्याज मात्र नवे उत्पन्न होय. मालमत्ता विकण्याची वेळ आली तर जुन्या कागदांची गरज आणखी वाढते. ट्रस्टमध्ये आलेल्या इमारतीची किंमत मूळ मालकाच्या खरेदीवरून, आणि ती खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या तारखेच्या बाजारभावाचा आधार घेऊन ठरते. आजोबांचे खरेदीखत गहाळ असेल तर भांडवली नफ्याचा हिशोब अनुमानावर जातो.

विश्वस्ताविरुद्ध लाभार्थी हतबल नसतो. न्यास अधिनियमाने त्याला दस्त व हिशोब पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क दिला आहे. मागितल्यावर वाजवी वेळेत माहिती देणे हे विश्वस्ताचे कर्तव्य आहे. नुकसान झाले तर ते भरून देण्यास तो बांधील आहे, आणि योग्य कारण असल्यास दिवाणी न्यायालय त्याच्या जागी दुसरा विश्वस्त नेमू शकते. विश्वस्ताकडून हिशोब किंवा न्यासाची मालमत्ता मागणाऱ्या दाव्याला, १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, कालमर्यादेची आडकाठी येत नाही. पण लाभार्थीनेच कोऱ्या कागदावर सही दिली असेल किंवा गैरव्यवहारात जाणूनबुजून साथ दिली असेल, तर इतर लाभार्थींचे नुकसान भरून निघेपर्यंत त्याचाच हिस्सा अडकवून ठेवता येतो. भिडेने केलेली सही कायद्याला भीड म्हणून ओळखता येत नाही.

कर चुकला असल्याचे ध्यानात आले तर नोटिशीची वाट पाहू नये. खात्याची कारवाई सुरू होण्यापूर्वी अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय २०२२ पासून आहे. २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. पहिल्या वर्षात कर व व्याजाच्या २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के जादा भरावे लागतात. उशीर किती महाग पडतो, ते या आकड्यांवरून दिसते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या प्राप्तिकर अधिनियमाने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले असले तरी प्रातिनिधिक करदात्याचे तत्त्व कायम आहे, आणि मागील वर्षांचे प्रश्न जुन्याच कायद्याने सुटतील.

त्या कुटुंबात पुढे जे झाले, ते कोर्टाच्या पायरीवाचून झाले. अण्णांनी पाच वर्षांचे भाडे आणि व्याज यांचा तक्ता करवून घेतला आणि कापलेल्या कराविषयीच्या निवेदनावर सही केली. आत्यांनी नोटिशीला उत्तर म्हणून विवरणपत्र भरले, आपला हिस्सा दाखवला आणि ३४,००० रुपये व्याजासह स्वतःच्या खात्यातून भरले. अण्णांनी देऊ केलेली रक्कम त्यांनी या कामासाठी घेतली नाही. ती ट्रस्टच्या खात्यात, न दिलेल्या हिश्श्यापोटी, जमा करावयास सांगितली. काकूंनी मुदतीत बसणाऱ्या वर्षांसाठी विलंबमाफीचे अर्ज केले. ठेवी सोडवण्यासाठी अण्णांनी गावाबाहेरचा स्वतःचा भूखंड विकावयास काढला. थकलेले विश्वस्त न्यायालयाबाहेर, दस्तातील तरतुदीप्रमाणे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी काकूंचा मुलगा आला. ट्रस्टला स्वतंत्र बँक खाते झाले. त्यावर दोन्ही विश्वस्तांच्या सह्या लागतात. दरवर्षी जूनमध्ये तिन्ही घरी एक पानाचा हिशोब जातो : भाडे, व्याज, खर्च, कापलेला कर आणि प्रत्येकाचा हिस्सा.

पहिल्या वर्षीचा कागद गेला, तेव्हा अण्णा काही दिवस बहिणीशी मोकळेपणाने बोलले नाहीत. पर्युषणानंतर क्षमावणीच्या दिवशी त्यांचा फोन आला. क्षमा मागून झाल्यावर त्यांनी विचारले, 'त्या कागदात नगरपालिकेच्या कराचा आकडा तू तपासलास का? मला तो दोनशे रुपयांनी जास्त वाटतो.' आत्यांनी चष्मा शोधला, कागद काढला, आणि दोघांनी फोनवर बेरीज पुन्हा केली.